दोन तास

फोनवर आजी म्हणाल्या, "लेकरांसाठी दोन तास ठेवलेत बगा." मी वहीत लिहून घेतलं : शनिवार, १० ते १२. गाडीवाल्याला तसंच सांगितलं, पालकांच्या चिठ्ठ्यांवर तसंच छापलं, परत येऊन डबे किती वाजता उघडायचे तेही ठरवून टाकलं. बालवाडीच्या बाईचं सगळं तासांवर चालतं. गाण्यांचा तास, मातीकामाचा तास, आणि ज्यात कुणीच झोपत नाही तो झोपेचा तास.

शनिवारी बाराला दहा कमी असताना मी टाळ्या वाजवून "चला, आगगाडी करा" म्हणाले, तशा आजी बांधावरून उठून आल्या. "का ओ बाई? अजून एक बी तास सरला न्हाई की." मी त्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यांनी मला रान दाखवलं. हरभऱ्याच्या वावरात बांधाकडेच्या दोन ओळी, दोन्ही टोकांना तुराटी रोवलेली, तुराटीला जुन्या लुगड्याची लाल चिंधी. ते दोन तास. पेरतानाच बाजूला काढलेले, औषध न मारलेले, आमच्या सव्वीस लेकरांच्या नावाचे.

पेरणीच्या ओळीला तास म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, अर्धापूरकडचं. "चार तासं निंदून झाली का" हे ऐकतच मी वाढले. पण लातुरात येऊन चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तासाचा एक अर्थ कधी गळून पडला ते कळलं नाही. गाडीवाला जादा भाड्यावर थांबायला तयार झाला. आम्ही दीड वाजता निघालो, तेव्हाही दुसऱ्या तासातली निम्मी झाडं शिल्लक होती.

माहेरी आमची केळी आणि कापूस. इसापूर धरणाच्या कालव्याखालचं रान, म्हणून केळी. बाहेरच्याला वाटतं, शेतकऱ्याची पोर, मनाला येईल तेव्हा झाडाचं केळं तोडून खात असेल. आम्ही केळी गाड्यावरून विकत आणून खायचो! बागेतला घड हिरवागार असतानाच कापतात. तो पिकतो दुसरीकडं, पिकवायच्या खोलीत. कापणीच्या दिवशी लेकरांनी बागेत पाऊल टाकायचं नाही, कारण कोयते चालू असतात आणि चीक अंगावर उडाला की फ्रॉक कायमचा गेला.

कापसाचं उलटं. तिथं लेकरांना बोलावणं असायचं. दिवाळीच्या सुट्टीत बोंडं फुटलेली, वेचायला माणसं मिळायची नाहीत, मग आई माझ्या कमरेला लुगड्याच्या धडप्याची वटी बांधायची. शुद्ध भाषेत ओटी म्हणा. आमच्या रानात तेव्हा 'नांदेड ४४' असायचं, नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण. पण वाण कोणतंही असो, बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी टोचायची ती टोचतातच. संध्याकाळी वटी काट्यावर रिकामी व्हायची आणि "किती भरला?" एवढंच विचारलं जायचं. त्यामुळं लेकरांना शेतात नेऊन स्वतःच्या हातानं तोडू द्यायचं, तेही गंमत म्हणून, ही टूम आमच्या बालवाडीत पहिल्यांदा निघाली तेव्हा सगळ्यांत आधी माझी नखंच नाही म्हणाली.

आधीच्या वर्षीचा प्रयोग फसलेला. राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या आगंमागं आमच्याकडं रस्त्यांच्या कडेला हुरडा पार्टीच्या पाट्या दिसायला लागल्या. त्यातल्याच एका ठिकाणी गेलो होतो, नाव नको. बैलगाडी होती, झोके होते, आगटीतला सुरती ज्वारीचा गरम हुरडा होता आणि त्याच्या चवीबद्दल बोलायची सोय नाही. तोडायला म्हणून टोमॅटोचं एक वावर दिलं होतं, फाटकाशी वजनकाटा. तोडाल ते किलोनं घ्यायचं. आता चार वर्षांच्या लेकराला लाल-हिरवा कळतो, नाही असं नाही, पण हाताला लागलेला टोमॅटो हा तोडायचाच असतो अशी त्याची पक्की समजूत असते. एका पोरीनं मोठ्या मायेनं पिशवीभर हिरवे टोमॅटो आणले. काट्यावरच्या माणसानं पिशवीत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तिला म्हणाला, "नुकसान केलं ना बाळा." तो खोटं बोलला नव्हता. पण पोरगी त्यानंतर दिवसभर कशाला हात लावेना, झोक्यालासुद्धा.

मला मात्र त्याहून तिथला वास खटकला. विचारल्यावर कळलं, कालच फवारणी झालीय, "धुऊन खा म्हणावं." ज्याला आपण औषध म्हणतो ते विष असतं. किती जहाल ते डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावरून कळतं : लाल सगळ्यांत वाईट, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारल्यावर तोडणीला किती दिवस थांबायचं तेही सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. चार वर्षांचं लेकरू ज्या हातानं तोडतं त्याच हातानं तोंडात घालतं, मधे नळ येत नाही. आम्ही टोमॅटो तिथंच ठेवून, पैसे चुकते करून परत आलो. तेव्हापासून कुणाच्याही शेतात लेकरं न्यायची तर माझा पहिला प्रश्न एकच : शेवटची फवारणी कधी?

आजींना हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी फोन मुलाकडं दिला. तो म्हणाला, "वावराला घाटेअळीचं मारावं लागतंय मॅडम, ते खोटं सांगत नाही. पण आईनं कडेची तासं धरू दिली नाहीत. तिकडं पंप घेऊन गेलो की ओरडती." आजी म्हणजे आमच्या एका पोरीच्या आईची आई. औसा तालुक्यात, डांबरी सोडून आत, रानातच घर. मुलगा, सून, दोन नातवंडं. खरिपात सोयाबीन आणि त्यावर हरभरा, म्हणजे लातूर जिल्ह्यात चारचौघं करतात तेच. पण घराला लागून आजींचा एक पट्टा आहे. तारेवर चढलेले वाल, मिरची, वांगी, टोमॅटोची दहाबारा झाडं, मेथी, कोथिंबीर, गाजरं, कडेला अंबाडी, बांधावर दोन बोरी. मुलगा त्या पट्ट्याला "आईची करमणूक" म्हणतो. त्याच्या हिशेबाच्या वहीत तो नाही.

आम्ही पोहोचायच्या आधी त्या घरानं काय काय करून ठेवलं होतं ते मला नंतर हळूहळू दिसलं. विहिरीला कठडा नाही, म्हणून तिच्या तोंडाशी दोन बाजा आडव्या, वर बाभळीच्या काट्याचे फास. शेततळ्याच्या वाटेवर ट्रॅक्टर आडवा लावलेला. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या उतारावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, हे आमच्या भागात आता सांगावं लागत नाही. मोटारीच्या पेटीतला फ्यूज काढून मुलाच्या खिशात. कुत्रं साखळीला. सुनेनं घरामागं चार साड्या लावून शू-शीचा आडोसा केला होता, आणि सव्वीस लेकरं म्हटल्यावर त्या आडोशापुढं शेवटपर्यंत रांग होती. सहलीच्या फोटोत हे काही येत नाही.

लेकरांच्या हातात आम्ही नाव घातलेल्या कापडी पिशव्या दिल्या होत्या, आम्हाला वाटलं फार शहाणपणा केला. डाव्या हातात पिशवी, उजव्या हातानं घाटा ओढायचा. घाटा येईना, फांदी यायची. पाच मिनिटांत पहिल्या तासाची तोंडाशीची झाडं आडवी व्हायला लागली. मी "हळू, हळू" करत पळत होते, आणि माझ्यासोबतच्या मावशी माझ्याहून मोठ्यानं "हळू" करत होत्या.

आजी सुनेला काही बोलल्या. सून घरातून जुने टॉवेल, पंचे, उपरणी घेऊन आली. "एका हातानं म्हस पिळतेत का?" असं म्हणत आजींनी पहिल्या पोराच्या कमरेला पंचा गुंडाळला, खालची दोन टोकं वर घेऊन खोवली. वटी. गाठ पोटावर नाही आणि पाठीवरही नाही, डाव्या कुशीला. वाकलं तरी रुतत नाही. मी काही न विचारता दुसरा टॉवेल उचलला. वीसपंचवीस वर्षांनी माझ्या बोटांनी ती गाठ मारली, आणि बोटांना ती आठवत होती. पिशव्या बांधावर ढीग होऊन पडल्या. मग आजींनी एकदाच दाखवलं : डाव्या हातानं फांदी धरायची, उजव्यानं घाटा चिमटीत, ओढायचा नाही, खाली मुडपायचा. टप् असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला की बरोबर. सव्वीस लेकरं कान देऊन घाटे तोडायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वर्गाला इतकं गप्प पाहिलं. चार मिनिटं टिकलं असेल.

मग एकीनं बोट चाटलं आणि डोळे गच्च मिटले. हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते, लवेच्या टोकाला आंबट थेंब धरतो. ती आंब. पुस्तकवाले तिला मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल म्हणतील. पहाटे दंवात पांढरं फडकं झाडांवरून फिरवायचं, पिळायचं, बाटलीत भरून पोटदुखीवर ठेवून द्यायचं. आजींच्या फळीवर अजून एक बाटली आहे. दहा वाजून गेले तरी खालच्या पानांत ओल होती. एकीचं बघून सगळ्यांनी बोटं चाटली, मग कोपरं, एकानं थेट पानच. ज्यांच्या बोटाला कुठं खरचटलेलं होतं त्यांना ती झोंबली आणि माझ्याकडं रीतसर तक्रार आली : "बाई, हरभरा चावला."

एका पोरानं तोवर तीन झाडं मुळासकट उपटून खांद्यावर टाकली होती. मी रागवायला गेले. तो गोंधळून म्हणाला, "असंच असतंय की." आणि खरंच, त्यानं लातूरच्या गंजगोलाईत हरभरा पाहिला होता तो तसाच : मुळासकट उपटलेल्या ढाळ्यांच्या पेंढ्या, गाड्यावर रचलेल्या. त्या सोळा रस्त्यांच्या बाजारात त्याचा बाप हमाली करतो. त्याच्या लेखी हरभरा जमिनीत उभा असणं हेच नवल होतं. आजींनी एक झाड हातात घेऊन माती झटकली, मुळावरच्या बारीक गाठी दाखवल्या. नखानं एक फोडली, आतून लालसर. "हे रानाचं खत. हरभरा आपलं खत आपण आणतो, आन् पुढच्या पिकाला ठेवून जातो." कृषी खात्याचा माणूस यालाच जिवाणू म्हणतो आणि त्याचं पाकीट विकत मिळतं. पोरानं गाठी मोजल्या. अकरापर्यंत त्याला मोजता येतं, म्हणून अकरा झाल्या.

औषध न मारलेल्या तासांत अळी नसेल तर कुठं असेल? घाटेअळीची एक रीत आहे : डोकं घाट्यात, उरलेलं अंग बाहेर. गोल भोक पाडून आतला दाणा खात असते तेव्हा तिला बाहेरच्या जगाची पर्वा नसते. पोरांना ती सापडली आणि घाटे तोडणं बंद पडलं. हिरवी, तपकिरी, अंगावर रेघा. हिला खाऊ द्यायचं की काढायचं यावर वाद झाला. आजींचा मुलगा तिकडून आला, त्यानं वावरात मधे मधे रोवलेल्या इंग्रजी टी अक्षरासारख्या काड्या दाखवल्या. पाखरांना बसायला. त्यांवर बसून कोतवाल नि साळुंक्या अळ्या उचलतात. "मग पाखरांनी इकडचीच का नाही खाल्ली?" हा प्रश्न त्याला पेलला नाही. "तुम्ही आलाव म्हणून उडाले," म्हणाला.

भांडणंही झाली. दोन तास, त्यामुळं आपोआप दोन पक्ष झाले, आमच्या तासाला येऊ नको, तुझी वटी बघू, माझी जास्त. मिरचीच्या पट्ट्याकडं कुणी जायचं नाही असं मी दहादा बजावलं होतं, म्हणजे कुणीतरी जाणारच. एका पोरीनं लाल मिरची मोडून बघितली आणि तोच हात डोळ्याला लावला. किंकाळी. मी पाण्याची बाटली घेऊन धावले, डोळा धुतला, पुन्हा धुतला. आजींनी तिला मांडीवर घेऊन पदराचा बोळा तोंडाच्या वाफेवर ऊन केला आणि डोळ्यावर धरला, बराच वेळ. पाण्यानं गुण आला की पदरानं, मी ठरवत बसले नाही. संध्याकाळी तिच्या आईला फोन करून मीच सगळं सांगितलं. असा फोन आपण आधी करायचा असतो.

आता त्या पोराचं सांगते, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला घेतलं.

सहलीच्या आधी एक चिठ्ठी सही न होता परत आली होती. त्याची आई दुसऱ्या दिवशी फाटकाशी थांबली. रोजानं निंदायला, सोयाबीन काढायला आसपासच्या गावांत जाणारी बाई, शहराच्या कडेच्या वस्तीत राहते. म्हणाली, "आम्ही ऊन खातो ते लेकरानं खाऊ नये म्हणून शाळेत घातलं. तुम्ही पुन्हा रानातच नेलालाव व्हय त्याला?" तिला काय सांगायचं? निसर्गाशी नातं, हातांना वळण, बोटांच्या स्नायूंचा विकास, हे सगळं माझ्या आराखड्याच्या कागदावर लिहिलेलं होतं. ते मी तिच्यासमोर म्हणू शकले नाही. मला माझी आई दिसत होती, वटी बांधणारी. मी एवढंच म्हणाले, "काम करायला नाही, खायला नेतोय." तिचा विश्वास बसला नाही, पण दोन दिवसांनी पोरगं पुन्हा तीच चिठ्ठी घेऊन आलं, खाली अंगठा.

शेतात त्याला वटी बांधल्यावर कुणाला काही दाखवावं लागलं नाही. डावा हात फांदीला, उजवा घाट्याला, पुढचं पाऊल, पुन्हा. झाड हलत नव्हतं. बाकीची लेकरं दोन तोडून तीन खात होती आणि अळ्यांमागं पळत होती, याचं तोंड बंद होतं. त्याची वटी पार भरली तेव्हा तो ती दोन्ही हातांनी सावरत माझ्याकडं आला आणि मान वळवून इकडंतिकडं बघत म्हणाला, "बाई, काटा कुठंय?"

मला काही सुचलं नाही. आजींना त्याचं बोलणं आधी कळलंच नाही, त्या पायाकडं बघायला लागल्या, काटा मोडला का म्हणून. मग कळलं. त्यांनी त्याला खाली बसवलं, वटी सोडून घाटे त्याच्याच पुढ्यात ओतले, एक सोलून हिरवा दाणा त्याच्या तोंडात घातला. "मोजायचं न्हाई. खायचं." त्यानं खाल्ला. दुसरा त्यानंच सोलला. घाटा सोलायला चार वर्षांच्या बोटांना वेळ लागतो. दाबला की फुगा फुटल्यासारखा फट् आवाज येतो, मधे एक किंवा दोन दाणे. तो आवाज काढायचा खेळ त्याला सापडला तेव्हा मी तिथून उठले.

निघताना पैशांचा विषय निघाला. लेकरामागं ५० रुपये धरून मी पाकीट केलं होतं. आजी म्हणाल्या, रानात बसून खाल्लेलं मोजत नसतात, बांधून नेलेलं मोजतात. जुना कायदा. वाटसरूनं हुरडा खावा, घाटे खावेत, पण गाठोडं बांधू नये. मुलानं मात्र पाकीट घेतलं, लाजला नाही, आणि मला ते बरं वाटलं. त्याचा एक दिवस मोडला होता, ट्रॅक्टर अडकला होता, सुनेनं सव्वीस लेकरांचं चहा-दूध केलं होतं. आजींचं मोठं मन मुलाच्या रोजावर उभं असतं हे आजींना दिसत नाही, आणि मुलगा ते बोलून दाखवत नाही.

गाडीत बसल्यावर मी दोन्ही बाजूंचं रान बघत होते. सोयाबीन काढलेलं, हरभरा पेरलेला, पुन्हा हरभरा. सोयाबीन हे लेकराच्या हाताचं पीक नव्हेच. शेंग वाळून खडखडीत झाल्यावर काढायची, यंत्रात घालायची, पोती अडतीत न्यायची. मधल्या काळात कच्चं खाण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या घरी ज्वारीच्या वावरात तूर असायची, मधेच अंबाडी, कडेला करडई, तिळाची चार तासं, कुठं काकडीचा वेल. तशा रानात लेकरू सोडलं तर ते चरत चरत या टोकापासून त्या टोकाला जायचं. २०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या तीन जिनसांना भौगोलिक मानांकन मिळालं : बोरसुरीची तूरडाळ, कास्ती कोथिंबीर, पानचिंचोलीची चिंच. कोथिंबीर उपटायची, चिंच झोडपायची, तुरीची ओली शेंग जाता जाता सोलून तोंडात टाकायची. सोयाबीनला लातूरइतकी मोठी बाजारपेठ क्वचितच असेल, पण त्याची शेंग जाता जाता तोंडात टाकताना मी कुणाला पाहिलं नाही.

मी सोयाबीनला शिव्या देत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी इथंच होते. आमच्या बालवाडीतली लेकरं तेव्हा आगगाडीचं चित्र काढताना डब्यांत निळा रंग भरायची. पाण्याची ही गत असताना ज्यानं त्यानं दोन पैसे मिळतील ते पेरावं. फक्त आजींच्या पट्ट्याला करमणूक म्हणणं मला पटत नाही.

नऊदहा दिवसांनी वेळ अमावास्या आली. इकडचे लोक येळवस म्हणतात. ती मार्गशीर्षातली अमावास्या २०२४ साली ३० डिसेंबरला, सोमवारी होती. लातूर, धाराशिव, आमच्या नांदेडची कंधार-मुखेडची बाजू आणि सीमेपलीकडचं बीदर-कलबुर्गी, अशा पट्ट्यात या सणाचं खरं वेड. लातूरला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात आणि शहर ओस पडतं. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. आजींनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या काटा इचारणाऱ्याला बी आणा. त्याच्या मायला बी."

ती आली. इस्त्रीची साडी नेसून, पोराला स्वेटर घालून. रानात कडब्याची कोप उभी होती, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव. पूजा झाली, मडक्यातली आंबील रानभर शिंपडून झाली. भज्जी होती. वाटाणा, तुरीचे सोले, घाटे, वाल, पावटा, मेथी, जे जे रानात हिरवं आहे ते ते बेसनात नि चिंचेत शिजवलेलं. तिच्यासोबत बाजरीचे उंडे आणि लसणाची आंबील. शहरातले आता भज्जीची भाजी बाजारातून किलोनं आणतात. आजींनी सुनेला ओरडून दोनदा परत पाठवलं, "पावटा इसरलाव, जा."

जेवणं झाल्यावर सगळे कोपीच्या सावलीला पसरले. त्या पोराची आई तेवढी बसली की उठायची, उठली की काही करायला बघायची. थोड्या वेळानं दिसली ती तासात वाकलेली, हरभऱ्यातलं तण उपटत, सवयीनं. आजी खाटेवरूनच ओरडल्या, "ए बाई, आज रानाला हात लावायचा न्हाई. पाहुणी हायस." ती ओशाळली, पदराला हात पुसले, आणि मातीतच बसली. पोरगं तिच्याकडं गेलं. त्यानं घाटा तोडला, तिच्या कानाशी नेला आणि दाबला. फट्. ती दचकली. मग त्यानं तिलाही एक दिला.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडाभर पाऊस कोसळला, आजींचं सोयाबीन उभ्या उभ्या पाण्यात गेलं. दिवाळीत फोन करायला माझं मन होईना. नोव्हेंबरात त्यांचाच आला. रान वापशावर यायला उशीर झाला, पेरा मागं पडला, डिसेंबरात घाटे धरणार नाहीत, तेव्हा लेकरं संक्रांतीनंतर आणा, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मी चाचरत विचारलं, या वर्षीही तास ठेवलेत का म्हणून.

"तीन," आजी म्हणाल्या. "मागल्या येळी दोनात भांडणं झाली की."

मी वहीत लिहून घेतलं : तीन तास. आणि कंसात : वावरातले.